भिंतीपलीकडच्या टाळ्या

सुनंदा, टमाटरमध्ये टाळ्या तीन की चार, हे आपलं शेवटपर्यंत ठरलं नाही.

तू म्हणायचीस तीन. ट, मा, टर. मी म्हणायची चार, कारण फळ्यावर लिहिलं की अक्षरं चार दिसतात आणि पहिलीतल्या मुलाला शेवटी फळ्यावरचंच वाचायचं असतं. "कान तीनच ऐकतो, मंगल," तू म्हणायचीस. "चौथं डोळ्याला मागाहून दाखवू की. घाई काय आहे?" मग मी डब्याचं झाकण लावायची, तू तुझं लावायचीस, आणि मधली सुट्टी संपायची. सव्वीस वर्षं आपण एका भिंतीच्या दोन बाजूंना शिकवलं. तू शिशुवर्गाला, मी पहिलीला. तुझ्या हातून सुटलेली मुलं वर्षभरात माझ्या हातात यायची.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. शाळेनं शोकसभा घेतली. सगळे चांगलं बोलले, तू हसतमुख होतीस, मुलांना तुझा लळा होता वगैरे. खोटं कुणीच बोललं नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मानेनंच नाही म्हटलं. लोकांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की उभी राहिले तर सगळंच बोलून जाईन. म्हणून घरी आले आणि हे लिहायला बसले.

आपल्या दोन वर्गांमधली भिंत म्हणजे लाकडाचं पार्टिशन होतं. पलीकडे तू खोकलीस तरी मला कळायचं. सुरुवातीची काही वर्षं मला त्या भिंतीचा वैताग यायचा. मी इकडे बाराखडी घ्यायची आणि तिकडून टाळ्या. तू ओरडायचीस, "मकान में से म भाग गया! क्या बचा?" आणि तीस पोरं एका आवाजात, "काऽऽन!" मग त्यांनी आपापले कान धरले असणार, कारण लगेच हशा पिकायचा. कधी तू विचारायचीस, "पतंग, पानी, पंखा, चम्मच, इसमें मेहमान कौन?" आणि पोरं चमच्याला हाकलून द्यायची. वर्षभर हेच. फळ्यावर अक्षर नाही, वहीत रेघ नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना 'क' दाखवला तर निम्म्यांना ओळखता यायचा नाही, आणि हे मी तुला सुनवायची.

"अगं, पण वहीत तर काहीच दिसत नाही ना!"

"कानातली वही आहे ती," तू म्हणायचीस. "तुला दिसायची नाही."

आमच्या घरी अक्षराचं भारी कौतुक. वडील पौरोहित्य करायचे, पत्रिका लिहायचे, आणि त्यांनी मला वयाच्या चौथ्या वर्षी बोरूनं गिरवायला बसवलं होतं. तुमचे पूर्वज फौजेतून इकडे हिंदी मुलखात आलेले. तू हसत म्हणायचीस, "तुमच्याकडे लिहायचे, आमच्याकडे आरोळ्या ठोकायचे. म्हणून तू हातानं शिकवतेस आणि मी तोंडानं." मी हसायची, पण मनात मला ते पटलेलं असायचं. शिकवणं म्हणजे माझं. तुझं म्हणजे मुलं सांभाळणं.

हे तुला कधी बोलले नाही. आता त्याहून वाईट गोष्ट सांगते.

बारा वर्षं झाली असतील. आपल्या शाळेत बहुतेक मुलं दाल बाज़ारच्या हमालांची, पाटणकर बाजारातल्या दुकानांत काम करणाऱ्यांची. त्या वर्षी काही पालक मुख्याध्यापिकांकडे, आपल्या बड्या मॅडमकडे, गेले. वर्षभर फी भरतोय, वही कोरी कशी, असं त्यांचं म्हणणं. बड्या मॅडमनी मला एकटीला बोलावलं. म्हणाल्या, "मंगल जी, बच्चे आगे आप ही के पास जाते हैं। आप लिखकर दीजिए। नाम बाहर नहीं जाएगा।"

मी लिहून दिलं. घरी नेलं, दोनदा कच्चं केलं, मग माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात पक्कं केलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'शिशु वर्ग में पढ़ाई के नाम पर केवल ताली और खेल होते हैं।' ते लिहिताना मला समाधान वाटलं होतं, सुनंदा. वाक्य सुबक झालं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू माझ्या वर्गात आलीस. डबा उघडलास आणि तसाच ठेवलास. मॅडमनी तुला ते वाक्य वाचून दाखवलं होतं. उद्यापासून सगळी अक्षरं वहीत, टाळ्या बंद, असा हुकूम झाला होता. तू मला विचारलंस, "कोणी केलं असेल गं? माझं कोणाचं काय वाकडं आहे?"

मी म्हटलं, "पालकांपैकी असेल कोणीतरी. तू मनाला नको लावून घेऊस."

आणि माझ्या डब्यातली भाजी तुझ्या झाकणात वाढली.

ते वर्ष भिंतीपलीकडून आवाज आला नाही. तू हट्टी होतीस, पण सांगितलेलं काम अर्धवट करणारी नव्हतीस. मुलांचे हात धरून धरून तू गिरवून घेतलंस. नवं सत्र सुरू झालं तेव्हा माझ्याकडे आलेल्या वह्या अशा भरलेल्या की पालक त्या एकमेकांना दाखवत होते. क ते ज्ञ, एकही अक्षर चुकलेलं नाही. मी खूश होते. वाटलं, यंदा दिवाळीपर्यंत पुस्तक संपेल.

आणि मग रेशमा वाचायला उभी राहिली.

दाल बाज़ारात पोती वाहणाऱ्या एका बापाची ती पोर, सहा वर्षांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या. मी फळ्यावर 'कमल' लिहिलं होतं. तिनं पट्टी ठेवून एकेक अक्षर सांगितलं. "क कबूतर का, म मछली का, ल लट्टू का।" मी म्हटलं, शाब्बास, अब मिलाकर पढ़ो. तिनं फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारल्यासारखं म्हणाली, "कबूतर... मछली... लट्टू?"

वर्ग हसला. मीही हसले. हे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

तिच्यासारखी त्या वर्षी बरीच होती. अक्षर विचारलं की नाव सांगायची, पण तीन अक्षरं शेजारी ठेवली की त्यांचा शब्द होईना. मी जोरात म्हणून घेतलं, दहा-दहा वेळा लिहून घेतलं. काही मुलांनी अख्खा धडाच पाठ केला आणि बोट भलत्याच ओळीवर ठेवून घडाघडा म्हणू लागली. मी त्यांना शाबासकीही दिली. रेशमाला पाठही होईना. दिवाळीनंतर तिचा बाप शाळेत आला तेव्हा मी तिच्यासमोरच त्याला सांगितलं, "भैया, इसका दिमाग पढ़ाई में नहीं चलता।"

तो रागावला नाही. ओझं हलकं व्हावं तसं म्हणाला, "तो मैडम, घर पे छोटे को देख लेगी। इसकी अम्मा को भी सहूलियत हो जाएगी।"

सोमवारपासून रेशमा यायची बंद झाली.

गुरुवारी तुझ्या लक्षात आलं. माझ्या वर्गातलं कोण आलं नाही हे माझ्याआधी तुला कळायचं, कारण प्रार्थनेच्या वेळी सगळी तुझ्याच अवतीभवती घुटमळायची. "रेशमा कुठं आहे?" तू विचारलंस. मी सांगितलं. जे बोलले होते ते जसंच्या तसं सांगितलं. शाळा सुटल्यावर तू गेटपाशी थांबलीस आणि म्हणालीस, "चल माझ्याबरोबर. मला त्यांचं घर माहीत नाही." तुला माहीत होतं, असं मला आता वाटतं. एकटी गेली असतीस तर मला काही दिसलं नसतं.

डाळीची पोती, हातगाड्या, माणसांचे खांदे, यातून वाट काढत आपण त्या गोदामांमागच्या खोलीत गेलो. रेशमा धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. तू धाकट्याला तिच्याकडून घेतलंस, खाटेवर बसलीस आणि तिच्या आईशी भाजीच्या भावाचं बोललीस. मग रेशमाला म्हणालीस, "मेरी थैली में कुछ है। ब से शुरू होता है। बता!"

रेशमा म्हणाली, "थैली?"

"ब, ब, बि..."

"बैग?" म्हणाली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "रोटी।"

तू माझ्याकडे न बघता मराठीत म्हणालीस, "बघ मंगल, हिला 'ब' वेगळा ऐकूच येत नाही. शब्द हिच्यासाठी अख्खा गोळा आहे. अक्षर ओळखते, पण त्याचा आवाज कुठं असतो ते हिला कोणी दाखवलंच नाही. ही मंद नाही गं."

कोणी दाखवलंच नाही, असं तू म्हणालीस. का दाखवलं नाही, ते मला एकटीला माहीत होतं.

बाप आल्यावर तू त्याला भाषण दिलं नाहीस. म्हणालीस, "भैया, एक महीना दे दो। नहीं पढ़ी तो मैं खुद इसे घर छोड़ जाऊँगी।" त्यानं खांद्यावरचा पंचा झटकला. मग म्हणाला, "आप इतनी दूर आई हैं तो ले जाइए।"

वर्गात टाळ्यांना बंदी होती म्हणून तू मधल्या सुट्टीत तिला घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसायचीस. थंडी पडायला लागली होती, तेवढंच ऊन मिळायचं. माझ्या खिडकीतून पायऱ्या दिसायच्या. आधी नुसती तिच्या घरातली नावं. अम्मा कशानं सुरू होते? छोटूमध्ये टाळ्या किती? मग दोन शब्द, दोघांचं तोंड सारखं उघडतं का. अक्षर तू तिसऱ्या आठवड्यात काढलंस, तेही एकच, खडूनं पायरीवर. मी खिडकीत उभी राहून खायची आणि बघायची. मला पटत होतं असं नाही. पहिल्यांदा तर मला वाटलं, ही मला दाखवायला हे करतेय.

एका दुपारी पायरीपाशी गजकच्या दुकानाचा, तीळ-गूळ चिकटलेला रिकामा पुडा पडला होता. रेशमानं तो उचलला. तू काही सांगितलं नव्हतंस, तू तर पाणी पीत होतीस. तिनं पुड्यावर बोट ठेवलं. "ग... ज... क..." ती थांबली. पुन्हा म्हणाली, या वेळी जरा घाईनं, आवाजाला आवाज लावत. आणि एकदम ओरडली, "गजक! मैडम, इसमें गजक लिखा है!" आणि पुडा उलटा करून आत काही उरलंय का ते बघायला लागली.

तू तिला जवळ घेतलंस आणि माझ्या खिडकीकडे पाहिलंस. तुझे डोळे भरले होते. मी हात केला. खाली मात्र आले नाही.

'ग', 'ज' आणि 'क' मी तिला शिकवले होते. त्यांना एकमेकांत मिसळायला तू शिकवलंस, आणि त्यावाचून माझी तीन अक्षरं नुसती तीन चित्रं होती.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी बड्या मॅडमकडे गेले. म्हटलं, शिशुवर्गातले ते खेळ पुन्हा सुरू व्हायला हवेत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंगल जी, लिखकर तो आप ही ने दिया था।"

"जी। गलत लिखा था।"

त्यांच्यापुढं मी तीन शब्दांत कबूल करून मोकळी झाले. तिथून दोन दारं सोडून तुझा वर्ग होता. तिथवर पाय गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तू डबाभर गजक घेऊन स्टाफरूममध्ये आलीस. "मंगल माझ्यासाठी मॅडमशी भांडली!" असं सगळ्यांना सांगत फिरलीस. पहिला तुकडा तू माझ्या तोंडात घातलास. मी तो गिळला, सुनंदा.

रेशमा पुढं तिसरीपर्यंत होती. मग ती मंडळी मुरैनाकडे गेली. त्यानंतर तिचं काय झालं ते तुलाही कळलं नाही, मलाही नाही. निघताना ती तुझ्याकडे आली होती आणि माझ्याकडेही. माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आपलं भांडण मात्र त्यानंतर मिटलं असं नाही. उलट रंगात आलं. मी म्हणायची, नुसत्या कानानंही भागत नाही, टाळ्या छान वाजवणारा तुझा एक जण माझ्याकडे येऊन सहा महिने अक्षरांवर अडखळला. तू चिडलीस, दोन दिवस बोलली नाहीस. मग पुढच्या वर्षी बघते तर तुझ्या वर्गात आवाजाच्या खेळाशेजारी अक्षराचा पुठ्ठा ठेवलेला. "हे तुझं घेतलं," तू म्हणालीस. "'म' पळाला की पुठ्ठाही उचलायचा. मुलांना दिसतं ना, कोण पळालं ते." मी तुझ्याकडून घेतलेल्या गोष्टी कितीतरी जास्त होत्या. पण तुझ्यासारखं चारचौघांत 'हे सुनंदाचं' म्हणायला मला आणखी दोन वर्षं लागली.

आणि ओंकार. माझा नातू. सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये राहणारा, इंग्रजी शाळेत जाणारा, मराठी वाचायला बसवला की 'काळा'ला 'काला' म्हणणारा. मी त्याला शंभरदा 'ळ' काढून दाखवला. तो वैतागून म्हणायचा, "आजी, ये ल ही तो है! फक्त वेगळा लिहिलाय." तू एका रविवारी आलीस आणि पुस्तक बाजूला ठेवलंस. त्याला आरशासमोर उभं केलंस, जीभ मागे दुमडायला लावलीस आणि नुसते जोड्यांचे शब्द म्हणत बसलीस. कल, कळ. वेल, वेळ. गाल, गाळ. कुठला ऐकला? तो चुकायचा, तू हसायचीस, तोही हसायचा. अर्ध्या तासानं तो चुकायचा थांबला आणि माझ्याकडे धावत आला, "आजी, दोन्ही अलग आहेत! तू सांगितलं का नाही?" तू सोफ्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसलीस. निघताना मला म्हणालीस, "त्याची काय चूक? घरात तुम्ही निम्मं हिंदीच बोलता. त्यानं ऐकला कधी?" त्या दिवशी मला वाटलं होतं, आता सांगावं. तुला रिक्षापर्यंत सोडायला आले होते. तेवढ्यात रिक्षा आली.

अशा रिक्षा मला फार मिळाल्या. अर्चनाच्या लग्नात वाटलं, लेकीच्या लग्नात आईला हे कसं सांगायचं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी वाटलं, आज सांगितलं तर सगळ्यांचा दिवस नासेल. मग तूही निवृत्त झालीस आणि मला वाटलं, आता वेळच वेळ आहे.

या उन्हाळ्यात तुला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा अर्चना सगळं सोडून इंदूरहून येऊन राहिली होती. मी पहिल्यांदा भेटायला आले, तू मला ओळखलंस, तोंड उघडलंस आणि काही आलं नाही. तुझ्या डोळ्यांत जी चीड होती ती मी त्याआधी फक्त मुलांच्या डोळ्यांत पाहिली होती. माहीत आहे आणि येत नाही, अशी.

आठवड्यातून दोनदा एक मुलगी बोलण्याचे व्यायाम घ्यायला यायची. तिनं मला सांगितलं, "आंटी, शब्द न आए तो पूरा मत बताइए। बस पहली आवाज़ दीजिए।" मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला काय सांगणार, की हे सगळं समोर पडलेल्या बाईनं मला शिकवलंय.

मग मी रोज दुपारी यायला लागले. चमचा धरायची. तू बघायचीस, ओठ हलायचे. मी म्हणायची, "च." आणि तू म्हणायचीस, "चम्मच." शब्द यायचे ते कधी हिंदीत, कधी मराठीत, त्यांच्या मर्जीनं. आकडे आणि आरती सलग यायची, पण लेकीचं नाव अडायचं. मी 'अ' म्हणायची, तू 'अर्चना' म्हणायचीस, आणि ती स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहायची. एकदा मी 'ट' म्हटलं, तू डाव्या हातानं पलंगावर तीन थापट्या मारल्यास आणि माझ्याकडे रोखून पाहिलंस. शब्द आलाच नाही, भांडण मात्र आलं. किती हसलो आपण. मला वाटलं, ही बरी होणार.

सहाव्या आठवड्यात मी आले तर तू मला बघून म्हणालीस, "चहा घे." कोणी पहिला आवाज दिला नाही. अख्खं वाक्य, तुझं तुझं. अर्चना आनंदानं चहा ठेवायला गेली. खोलीत आपण दोघीच होतो आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

मी तुझा हात हातात घेऊन सांगितलं. "सुनंदा, टाळ्यांविरुद्धचा तो अर्ज मी लिहिला होता. पालकांनी नाही. तू मला विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. समजलं नाही असं नव्हतं, तुला समजायचं सगळं. तू ओठ मिटलेस आणि म्हणालीस, "म..."

मी थांबले.

"म... म..." तू जोर लावलास, कपाळावर शीर उभी राहिली. मला मदत करता येईना. पहिला आवाज तुझ्याजवळ होताच, आणि पुढचा शब्द कुठला ते मला माहीत नव्हतं. तुझा डावा हात माझ्या मनगटावर घट्ट बसला. तू मला धरत होतीस की दूर करत होतीस, तेही मला कळलं नाही. तेवढ्यात अर्चना चहा घेऊन आली. तू हात सोडलास आणि डोळे मिटून घेतलेस.

दुसऱ्या दिवशी तुला ताप होता, मला भेटू दिलं नाही. चौथ्या दिवशी दुसरा झटका आला, आणि तू गेलीस.

मी भित्री आहे, सुनंदा. बारा वर्षं बोलती होतीस तेव्हा गप्प राहिले, आणि तू उत्तर देऊ शकत नव्हतीस तेव्हा बोलले. मला वाटत होतं मी धीर केला. आता वाटतं, मी तेव्हाही सोयच बघितली.

तेरावं झाल्यावर मी अर्चनाला सगळं सांगितलं. ती तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "काकू, आई तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. पण त्या वर्षी ती शाळेतून आली की तास तासभर कोणाशी बोलायचीच नाही. आम्हाला वाटायचं, बाबांशी काही झालंय."

"तिला माहीत होतं का गं?"

"मला नाही माहीत."

मी म्हटलं, "मला माफ..."

ती म्हणाली, "नको काकू. ते मी कसं म्हणू? ते आईचं होतं म्हणायचं." मग साडी बाजूला ठेवून तिनं मला पाणी आणून दिलं. रागानं नाही. तुझ्यासारखंच, भांडं पुसून.

तेव्हापासून मी घरात फिरताना तुझा तो 'म'चा शब्द शोधत असते. माहीत होतं, म्हणणार होतीस का? माफ केलं? की नुसती मला हाक मारत होतीस, मंगल म्हणून? की मूर्ख? मूर्खही असेल, तू मला तो शब्द चिक्कार वेळा लावलास आणि दर वेळी बरोबर लावलास.

जो असेल तो असो. तो मला हवा तसा असायला नको होता, सुनंदा. मला तो फक्त शेवटच्या अक्षरापर्यंत तुझ्या तोंडून ऐकायचा होता.